बाराखडी तोंडपाठ, पण वाचता येत नाही: अक्षरओळखीपासून ओघवत्या वाचनापर्यंत

चौथीतली एक मुलगी. 'म'ची बाराखडी म्हण म्हटले की 'म, मा, मि, मी' पासून 'मं, मः' पर्यंत न अडखळता म्हणून दाखवते. पाटीवर नुसते 'मे' लिहून विचारले की ती थांबते. ओठ हलतात. मनातल्या मनात 'म, मा, मि, मी, मु, मू' असे चढत ती सातव्या पायरीवर पोचते आणि मग मोठ्याने सांगते, "मे!" उत्तर बरोबर असते. फळ्यावरचे ती सुबक अक्षरात वहीत उतरवते, त्यामुळे वही तपासणाऱ्यालाही शंका येत नाही. पण याच रीतीने तिने 'मेंढीने पाला खाल्ला' हे वाक्य वाचायचे ठरवले, तर 'खाल्ला'पर्यंत येईतो मेंढी डोक्यातून निघून गेलेली असते.

संगणकाच्या विद्यार्थ्यांना हा फरक लगेच कळेल. चुंबकीय फितीवरची माहिती काढायची तर फीत सुरुवातीपासून फिरवत न्यावी लागते. मेमरीत मात्र हव्या त्या पत्त्यावर थेट जाता येते. या मुलीला बाराखडी येते, पण ती फितीवर आहे. वाचनाला थेट पोच लागते.

आमच्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या तुकडीबरोबर गावातल्या शाळेत जाऊ लागलो, तेव्हा पहिला महिना आम्ही नेमका चुकीचा घालवला. मुलांकडून बाराखड्या म्हणवून घेतल्या, तक्ते रंगवले, आणि मुले सुरात म्हणतात म्हणून खूश झालो. योजनेत वर्षाला १२० तास सेवा अपेक्षित असते. त्यांतले ४०-५० तास तुम्ही मुलांना वाचायला शिकवण्यात घालवणार असाल, तर ते तसे वाया जाऊ नयेत म्हणून ही टिपणे.

वाचन म्हणजे बेरीज नव्हे, गुणाकार

१९८६ मध्ये गफ आणि टनमर या अभ्यासकांनी वाचनाचे एक साधे सूत्र मांडले. वाचन = उकल × भाषेचे आकलन. उकल म्हणजे छापलेल्या खुणांवरून उच्चार काढता येणे. आकलन म्हणजे तोच मजकूर कोणी वाचून दाखवला असता तर तो समजणे. मधली खूण गुणाकाराची आहे हे महत्त्वाचे. दोन्हींपैकी एक शून्य असेल तर दुसरे कितीही मोठे असो, फळ शून्यच. वर सांगितलेल्या मुलीचे आकलन उत्तम होते; गोष्ट सांगितली की ती खुदकन हसायची. तिची उकल शून्याच्या जवळ होती.

उलटा प्रकारही दिसतो. मेळघाटात कोरकू बोलणारे, गडचिरोलीत गोंडी बोलणारे किंवा पालघरमध्ये वारली बोलणारे मूल मराठी पाठ घडाघडा वाचते आणि त्यातले काही कळलेले नसते. कोरकू तर मराठीच्या भाषाकुळातलीही नाही. अशा मुलाला आणखी बाराखडी देऊन उपयोग नाही. त्याच्याशी मराठीत आणि शक्य तिथे त्याच्या भाषेत बोलायला हवे, गोष्टी सांगायला हव्यात. मूल कोणत्या बाजूने अडले आहे हे आधी पाहा. वाडा (जि. पालघर) येथे मराठीचा आणि कर्नाटकातल्या यादगीर येथे कन्नडचा तीन वर्षे अभ्यास झाला. तिथेही वर्गातला बराच वेळ अक्षरांवर आणि फार थोडा अर्थावर जातो असे दिसले होते. हे वाचून काही जण अक्षरे शिकवणेच कमी लेखतात. तेही चूक, गुणाकारात दोन्ही लागतात.

देवनागरीचा हिशेब

इंग्रजीत २६ अक्षरे आणि साधारण ४४ ध्वनी, म्हणजे एका खुणेला अनेक उच्चार. मराठीची अडचण वेगळी आहे. आपल्याकडे खूण आणि उच्चार यांचे नाते बरेच सरळ आहे, पण खुणांचा पसारा मोठा. ३४ व्यंजने आणि बाराखडीतली १२ रूपे धरली तर ४०८ अक्षरे होतात, आणि यात जोडाक्षरे आलीच नाहीत. २००९ च्या शासन निर्णयाने 'ॲ' आणि 'ऑ' वर्णमालेत आले, म्हणजे आणखी दोन रूपे. ही प्रत्येक आकृती चित्रासारखी पाठ करायची ठरवली तर काम कधी संपायचेच नाही. पण 'क'ला 'ा' लागल्यावर जे होते तेच 'म'ला लागल्यावर होते, हे मुलाला उमगले की ४०८ चे ओझे ३४ आणि १२ च्या बेरजेवर येते. हे उमगणे ही पहिल्या वर्षातली खरी पायरी.

ते आपोआप होत नाही. लहान मूल शब्दाचे अक्षरांत तुकडे सहज करते. 'क-म-ळ' म्हणत तीन टाळ्या वाजवते. पण 'का' मध्ये 'क्' आणि 'आ' असे दोन ध्वनी आहेत हे ऐकू येणे त्याला अवघड जाते. सोनाली नाग यांनी कन्नड वाचायला शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात हेच दिसले: अक्षरांची जाणीव लवकर येते, सुट्या ध्वनींची उशिरा, आणि सगळी अक्षरे हाती यायला इंग्रजी वर्णमालेपेक्षा कितीतरी अधिक काळ लागतो. म्हणून पाटी-पेन्सिलीच्या आधी तोंडी खेळ घ्या. 'काका'तला 'का' काढून 'मा' ठेवला तर काय होईल? 'नाक' उलटा म्हटला तर? 'पाणी' आणि 'पान' यांची सुरुवात सारखी आहे का? पाच मिनिटे पुरतात, आणि मुलांना हे फार आवडते.

कोणती अक्षरे आधी?

'क, ख, ग, घ' या क्रमाने जाऊ नका. तो क्रम उच्चारस्थानाप्रमाणे लावलेला आहे आणि व्याकरणाच्या दृष्टीने सुंदर आहे, पण 'ख' आणि 'घ' शिकून पहिल्या आठवड्यात वाचण्याजोगे काही हाती लागत नाही. आपल्याकडे श्रीगणेशाला 'गमभन' म्हणतात. लिहिण्याच्या वळणासाठी हा गट ठीक आहे, कारण आकार एकमेकांना जवळचे आहेत. वाचनासाठी मात्र तोच जवळचेपणा नडतो. 'म' आणि 'भ' एकाच दिवशी शिकवले की मूल दोन महिने त्यांची अदलाबदल करत राहते. घ-ध, थ-य, ब-व, प-ष, ट-ठ-ढ या जोड्याही अशाच. एक पक्के झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी दुसरे आणावे. 'ख' आणि 'रव' यांचा घोटाळा तर मोठ्यांच्या हस्ताक्षरातही होतो.

निवड करताना निकष एकच: या अक्षरांतून किती शब्द बनतात? क, म, ल, न, र ही पाच अक्षरे आणि फक्त एक काना घ्या. काका, मामा, नाना, काम, कान, नाक, मान, माल, लाल, मका, रान, मार, कर, मन, नमन, कमान, कमाल, कलम, रकम, नकार. वीस शब्द झाले. 'मामा, काम कर' हे वाक्यही झाले. पहिल्याच आठवड्यात मूल एक पूर्ण वाक्य स्वतः वाचते, आणि आपल्याला वाचता येते ही गोष्ट त्याच्या ध्यानात येते. पुढे दर आठवड्याला दोन-तीन अक्षरे आणि एखादी मात्रा. वेलांट्यांत दीर्घ वेलांटी आधी घ्यावी. ऱ्हस्व वेलांटी लिहिताना व्यंजनाच्या आधी येते आणि बोलताना नंतर; डावीकडून उजवीकडे इमानदारीने वाचणारे मूल तिथे गोंधळते. ती चूक निष्काळजीपणाची नसते.

दुसरी अडचण 'अ'ची. सुटे शिकवताना आपण 'क'ला 'कअ' म्हणतो. मग मूल 'घर' वाचताना 'घअ-रअ' म्हणते आणि त्यातून त्याला घर सापडत नाही. मराठीत शब्दाच्या शेवटचा 'अ' बहुधा गळतो, मधलाही कधी कधी. 'बदल' मधला 'द' पूर्ण आहे, 'बदली'तला जवळजवळ अर्धा. याचे नियम मुलाला सांगू नयेत. मधे न थांबता, आवाजाची तार न तोडता शब्द आधी सावकाश आणि मग पटकन म्हणायला लावावा. ओळखीचा शब्द असेल तर जिभेला वळण माहीत असते. अनुस्वाराचेही तसेच. 'आंबा', 'संत' आणि 'पतंग' यांत तो तीन वेगळ्या तऱ्हांनी उच्चारला जातो, आणि शब्द ओळखीचा असल्यास मूल ते न शिकवता बरोबर करते. 'चार' आणि 'चारा' यांतल्या दोन 'च'चेही असेच. अनोळखी शब्दावर मात्र ही मदत नसते, म्हणून सुरुवातीचे शब्द मुलाच्या बोलण्यातलेच हवेत.

जोडाक्षरांना उशीर नको

पाठ्यपुस्तकांत आणि त्याहून अधिक आपल्या मनात जोडाक्षरे म्हणजे 'कठीण भाग, शेवटी घ्यायचा'. माझे मत याच्या उलट आहे. मराठीतले कुठलेही खरे वाक्य पाहा. 'आईच्या', 'त्याने', 'म्हणाला', 'पुन्हा', 'घरातल्या', 'झाल्यावर'. जोडाक्षरे टाळून गोष्ट लिहायला बसलात तर जी भाषा तयार होते ती कोणी बोलत नाही. म्हणून जोडाक्षरांचे नियम राहू द्या, पण च्या, ल्या, त्या, ण्या, म्ह, न्ह ही सहा रूपे पहिल्या दोन-तीन महिन्यांतच ओळखीची करून द्या. यांतली बहुतेक प्रत्ययांमुळे येतात, त्यामुळे ओळीओळीला भेटतात आणि सरावही आपोआप होतो. 'क्ष', 'ज्ञ', 'ष्ट्र' यांना वेळ आहे.

'र' मात्र खरोखर त्रास देतो. 'प्र' मध्ये तो पायात, 'ट्र' मध्ये पायातच पण वेगळ्या आकाराचा, 'सूर्य' मध्ये डोक्यावर आणि 'दऱ्या' मध्ये मधोमध आडवा. रफार तर पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो आणि उच्चारात त्याच्या आधी येतो. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. चौथीच्या मुलांना ही जोडी कोड्यासारखी घालून पाहा, ती विसरत नाहीत.

शब्दपट्ट्या संगणकावर छापणार असाल तर एक सूचना. काही फाँटांत 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे येतात आणि मुलाच्या पुस्तकात ते मराठी वळणाचे असतात. छापण्याआधी पुस्तकाशी ताडून पाहा, नाहीतर एका अक्षराची दोन अक्षरे होतात. इंदूर किंवा बडोद्याच्या मराठी घरांतल्या मुलांबरोबर काम करणाऱ्यांना हीच गोष्ट उलट्या बाजूने दिसेल.

इंग्रजीचे काय?

महाराष्ट्रात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आहे, आणि पालक हमखास विचारतात, "फोनिक्स शिकवता का?" 'ए फॉर ॲपल' म्हणणे म्हणजे फोनिक्स नव्हे, तिथे मूल अक्षराचे नाव शिकते आणि वाचायला त्याचा ध्वनी लागतो. 'सी-ए-टी' या नावांतून 'कॅट' कसे निघेल? जॉली फोनिक्स या ब्रिटिश पद्धतीत ४२ ध्वनी शिकवतात आणि पहिल्या गटात एस, ए, टी, आय, पी, एन घेतात; कारण वरच्या मराठी गटासारखेच, त्यांतून 'सॅट', 'पिन', 'टॅप', 'नॅप' असे पुष्कळ शब्द बनतात. मराठी मुलाची खास अडचण अशी की प्रत्येक व्यंजनामागे 'अ' लावायची त्याला सवय असते, म्हणून 'बअ-ॲ-टअ' होते. लांबवता येणाऱ्या ध्वनींनी सुरुवात करा: 'म्म्म', 'स्स्स', 'न्न्न'. 'मॅन' जोडणे 'बॅट'पेक्षा सोपे जाते. मराठीतली उकल बरी जमल्याशिवाय मी स्वतः इंग्रजीला हात घालत नाही. दोन्हीकडे अडखळणारे मूल दोन्हीकडून मागे फिरते.

ओघ कशाला हवा?

अक्षरे येतात, शब्द जुळतात, तरी वाचन रडतखडत चालते. इथे बरेच जण 'आता येते त्याला' म्हणून सोडून देतात. १९७४ मध्ये लाबर्ज आणि सॅम्युएल्स यांनी मांडले की माणसाचे लक्ष मर्यादित असते, आणि उकलीतच ते खर्ची पडले तर अर्थासाठी शिल्लक राहत नाही. सायकल शिकताना आधी तोल सांभाळण्यातच सगळे लक्ष जाते, रस्ता दिसत नाही, तोच प्रकार. ओघ म्हणजे अचूकता, वेग आणि सूर या तिन्ही गोष्टी. पूर्णविरामाला थांबणे, प्रश्नाला आवाज चढणे, हे वेगाइतकेच पाहावे.

यावर सर्वांत साधा आणि तपासलेला उपाय म्हणजे तोच उतारा पुन्हा पुन्हा वाचणे. सॅम्युएल्स यांनी १९७९ मध्ये तो सविस्तर मांडला, आणि २००० च्या अमेरिकेतल्या राष्ट्रीय वाचन समितीच्या अहवालानेही मार्गदर्शनाखालच्या प्रकट वाचनाच्या बाजूने निष्कर्ष काढला. रीत अशी. पन्नास-साठ शब्दांचा उतारा घ्या. आधी तुम्ही बोट फिरवत वाचा. मग एकेक वाक्य तुम्ही वाचा आणि मूल तुमच्या मागून. मग दोघे बरोबर. मग मूल एकटे. दुसऱ्या दिवशी तोच उतारा पुन्हा, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी बदला. उतारे हवे असतील तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या मुक्त संग्रहात चार पातळ्यांच्या मराठी गोष्टी आहेत, छापून घ्यायला परवानगी आहे.

यात एक धोका आहे आणि आम्ही त्यात पडलो. आमच्या स्वयंसेवकांनी वेगाचे आलेख काढले, ते झरझर चढले, सगळे आनंदात. मग एकाने एका मुलाच्या हातातले पुस्तक मिटले, तरी त्याचे 'वाचन' चालूच राहिले. उतारा पाठ झाला होता. तेव्हापासून आम्ही उतारा झाल्यावर त्यातलेच आठ-दहा शब्द उलट क्रमाने विचारतो, आणि त्याच शब्दांची वेगळी वाक्ये करून वाचायला देतो. आलेख तेवढे सरळ चढत नाहीत, पण त्यांवर विश्वास ठेवता येतो.

मोजायचे कसे

सुरुवातीला मूल कुठे आहे हे पाहायला २००५ पासून चालू असलेल्या 'असर' सर्वेक्षणाची चाचणी पुरते: अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट. उताऱ्यापासून सुरुवात करायची, जमला तर वर, नाहीतर खाली. एका मुलाला काही मिनिटे लागतात. चाचणी एकेकट्याने घ्यावी. वर्गासमोर घेतली की मुले लपवतात, आणि लपवण्यात ती तरबेज असतात.

ओघासाठी एक मिनिटाचे वाचन. मुलाने ३८ शब्द वाचले आणि ६ चुकले तर बरोबर शब्द ३२, अचूकता सुमारे ८४ टक्के. अचूकता नव्वदच्या खाली असेल तर उतारा कठीण आहे. वेगाकडे पाहूच नका, सोपा उतारा आणा. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानात तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत असे उद्दिष्ट आहे. हा आकडा जपून वापरा. हिंदीत 'स्कूल के सामने वाले पेड़ के नीचे' हे सात शब्द होतात. मराठीत 'शाळेसमोरच्या झाडाखाली' हे दोनच. शब्द मोजून दोन भाषांतल्या मुलांची तुलना करणे म्हणजे पोती मोजून वजन ठरवणे. एनसीईआरटीने २०२२ मध्ये वीस भाषांत तिसरीच्या मुलांचे सर्वेक्षण केले तेव्हा वाचनाचे निकष भाषेनुसार वेगळे ठेवले, ते याच कारणाने. तुम्ही मुलाची तुलना त्याच्याच मागच्या पंधरवड्याशी करा.

काय चूक धरायची हेही आधी ठरवा. 'पाणी'ला 'पानी' म्हणणारे मूल शब्द बरोबर वाचते आहे, घरच्या बोलीत उच्चारते आहे. ऱ्हस्व-दीर्घाचा फरक तर शिकल्यासवरल्या मराठी माणसाच्या बोलण्यातही फारसा ऐकू येत नाही. या चुका मोजल्या आणि दर वेळी टोकल्या, तर मूल एवढेच शिकते की आपले बोलणे वाईट आहे. अशी मुले चौथी-पाचवीत तोंड उघडेनाशी होतात. मी पाहिली आहेत. 'पानी' ऐका, मान डोलवा, पुढे जा.

मूल अडले तर मनात पाच अंक मोजा. आपल्याला तेवढा वेळ फार लांब वाटतो, त्याला तो लागतो. मग पूर्ण शब्द सांगण्याऐवजी अडलेल्या जागी बोट ठेवा: "हा 'ल' आहे, याच्यावर काय आहे?" तरी जमले नाही तर शब्द सांगा आणि ते वाक्य सुरुवातीपासून पुन्हा वाचू द्या.

अर्ध्या तासाची बैठक साधारण अशी बसते. पाच मिनिटे तोंडी ध्वनिखेळ, दहा मिनिटे नवी अक्षरे आणि शब्दपट्ट्या, दहा मिनिटे उताऱ्याचे वाचन, आणि शेवटची पाच मिनिटे तुम्ही मुलाच्या वाचनशक्तीपलीकडची एक चांगली गोष्ट वाचून दाखवायची, कारण गुणाकारातली दुसरी बाजूही वाढायला हवी. आठवड्यातून एकदा तीन तासांपेक्षा आठवड्यात चार दिवस अर्धा-अर्धा तास अधिक कामाचा. तुम्ही एकटे रोज जाऊ शकत नसाल तर चौघांत दिवस वाटून घ्या आणि प्रत्येक मुलाची एक पातळ वही शाळेतच ठेवा: तारीख, उतारा, बरोबर शब्द, अडलेली अक्षरे. उद्या जाणाऱ्याने ती उघडली की त्याला कळले पाहिजे की या मुलीला 'मे' आता लगेच येतो, 'मै' वर ती अजून थांबते.